वाचक विचारतात : चेंडू उडण्याआधीच आमचा नंबर कोण ठरवतं?

प्रश्न : मॅडम, मी शिवाजी पेठेतला. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पहिल्या पाळीला असतो. आमच्या पेठेत फुटबॉल सोडून दुसऱ्या खेळाचं नाव काढलं की माणसं तोंडाकडं बघतात, पण मी एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, इंडियाना पेसर्सचा माणूस आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्जचे दोन सामने झाले. त्यातला दुसरा मी मामेभावाबरोबर जाऊन बघितला. आम्ही १३०-१०६ नं जिंकलो. तेव्हापासून दुसरा संघ डोळ्यात भरलाच नाही. थंडीच्या दिवसांत तिकडचे संध्याकाळचे सामने आपल्याकडं पहाटे साडेपाचला लागतात. पहिला क्वार्टर घरात बघतो, उरलेला कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर. फायनलच्या सातव्या सामन्याला मात्र रजाच टाकली होती.

माझं दुखणं असं आहे. गेल्या वर्षी, २०२४-२५ च्या हंगामाआधी, कुठला संघ कितवा ते सांगणाऱ्या ज्या याद्या येतात, त्यात आम्हाला कुणी करंडकाच्या जवळपास धरलं नव्हतं. आम्ही फायनल खेळलो, तीही सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत. आता २०२५-२६ साठी पुन्हा याद्या आल्यात आणि तीस संघांत आम्ही खालच्या अर्ध्यात! जूनमध्ये जो संघ करंडकापासून एका सामन्यावर होता, तो ऑक्टोबरात इतका खाली कसा जातो? चेंडू खेळवणारा आमचा मुख्य खेळाडू हॅलिबर्टन जखमी आहे हे मलाही कळतं. पण सियाकम आहे, नेमहार्ड आहे, कार्लाइलसारखा कोच आहे. इंडियानापोलिस लहान गाव, म्हणून डावलतात असं माझं स्पष्ट मत आहे. ह्या याद्या बनवतं कोण? कशाच्या जोरावर? आणि चुकल्या तर जाब कुणी विचारायचा? कंपनीत लेकर्सवाला एकजण आहे, तो रोज यादी दाखवून डिवचतो. त्याला काय सांगू?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : गेल्या वर्षीचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे, यंदाचा मान्य नाही. हे ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही, पण ज्या कारणासाठी गेल्या वर्षीची यादी चुकली, त्याच कारणासाठी यंदाची बरोबर आहे, असं माझं मत आहे. म्हणून सुरुवात गेल्या वर्षापासून करते.

मे २०२४ मध्ये पेसर्स पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत बोस्टन सेल्टिक्सकडून ४-० ने हरले. ४-० वाचलं की वाटतं धुव्वा उडाला. प्रत्यक्षात पहिला सामना जादा वेळेत गेला होता, आणि शेवटचे दोन पेसर्सनी तीन-तीन गुणांनी घालवले, तेही दुखापतीमुळे हॅलिबर्टन बाहेर असताना. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पेसर्सनी जवळपास काहीच केलं नाही. पास्कल सियाकमला नवा करार दिला, ओबी टॉपिनला ठेवून घेतलं, कोच तोच, खेळण्याची पद्धत तीच. त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाने पॉल जॉर्जला आणलं आणि सगळीकडे फिलाडेल्फियाचा गवगवा झाला.

यादी करणाऱ्याला उन्हाळ्यात फक्त हालचाल दिसते. सामने नसतात, मग बघणार काय? कोण आला, कोण गेला, किती पैसे मोजले. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आपल्या पेठांत काय चालतं ते आठवा. कुठल्या तालमीनं कुठला परदेशी खेळाडू आणला, कोण कुणाला सोडून गेला, कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. गेल्या वर्षीचे अकराच्या अकरा टिकवून गुपचूप सराव करणाऱ्या संघाचं नाव तिथं कुणी घेत नाही. आणि मैदानात अडचण त्याच संघाची होते, कारण त्यांच्यात कुणी कुणाला हाक मारायची गरज उरलेली नसते, न बघता पास जातो.

२०२४-२५ मध्ये फिलाडेल्फियाचं काय झालं? २४ विजय, ५८ पराभव. त्यांचा मुख्य खेळाडू जोएल एम्बीड संपूर्ण हंगामात १९ सामने खेळू शकला. पेसर्स ५० जिंकले, ३२ हरले. आणि हा प्रवास सरळ नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला ते १० विजय आणि १५ पराभव अशा अवस्थेत होते. जेम्स वाइजमन हंगामाच्या पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, थोड्याच दिवसांत आयझेया जॅक्सन. दोघेही सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारे उंच खेळाडू, दोघांचाही अकिलीस टेंडन (टाचेमागचा जाड स्नायुबंध) तुटला, दोघांचाही हंगाम तिथेच संपला. त्या दिवसांत कुणी पेसर्सना खाली ढकललं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण उरलेल्या ५७ सामन्यांत ते ४० जिंकले. हे टिकवलेल्या संघाचं काम आहे. नवे जमवलेले पाचजण १०-१५ वरून असे सावरत नाहीत, ते एकमेकांकडे बोट दाखवायला लागतात.

पुढचं तुम्ही पाहिलेलंच आहे, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एप्रिल २०२५ मध्ये लीगमधल्याच खेळाडूंचा एक निनावी कौल प्रसिद्ध झाला. नावाइतका खेळ नसलेला खेळाडू कोण, या प्रश्नाला सर्वांत जास्त मतं टायरीस हॅलिबर्टनला पडली. बाहेरच्या पत्रकारांनी नव्हे, त्याच्याबरोबर आणि त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांनी दिलेली मतं! त्यानंतर त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याने मिलवॉकीविरुद्ध जादा वेळेत शेवटच्या क्षणी सामना फिरवला. ६४ सामने जिंकून आलेल्या क्लीव्हलँडविरुद्ध दुसऱ्या सामन्यात सेकंदभर उरलेला असताना तीन गुणांचा बास्केट केला. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या सामन्यात त्याचा चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून उंच उडाला आणि सरळ जाळ्यात पडला, सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी घेतला. मग ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध फायनलचा पहिला सामना. चौथ्या क्वार्टरमध्ये पेसर्स १५ गुणांनी मागे होते. घड्याळात ०.३ सेकंद उरलेला असताना हॅलिबर्टनचा चेंडू आत गेला, १११-११०. संपूर्ण सामन्यात पेसर्स आघाडीवर होते ते तेवढेच ०.३ सेकंद. मैदानात दररोज समोर असणाऱ्यांनाही ज्याचा अंदाज आला नाही, त्याचा अंदाज सप्टेंबरमध्ये टेबलाशी बसून तीस संघांवर दोन-दोन परिच्छेद लिहिणाऱ्याला यावा, ही अपेक्षा मी तरी करत नाही.

आता यंदाचं. सातव्या सामन्यात पहिला क्वार्टर संपायला पाच मिनिटं उरली असतील, हॅलिबर्टनने तोवर तीन गुणांचे तीन बास्केट केले होते, आणि तो पडला. उजव्या पायाचा अकिलीस. पोटरी आधीच दुखावलेली होती, तरी तो खेळत होता. हाफटाइमला पेसर्स ४८-४७ असे एका गुणाने पुढे होते, तरीही शेवट थंडरच्या बाजूने १०३-९१ असा झाला. जुलैमध्ये संघाने जाहीर केलं की २०२५-२६ चा अख्खा हंगाम तो खेळणार नाही. आणि त्याच उन्हाळ्यात मायल्स टर्नर मिलवॉकीला गेला. तुमच्या पत्रात टर्नरचं नाव नाही, आणि माझ्या मते यंदाच्या यादीचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

टर्नर सेंटर होता, पण तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहायचा, आणि २०२४-२५ मध्ये तिथून त्याचे सुमारे ४० टक्के प्रयत्न आत जात होते. म्हणजे समोरच्या संघाच्या उंच सेंटरला बास्केटखालची जागा सोडून त्याच्यामागे बाहेर यावंच लागायचं. तो बाहेर आला की मधली वाट मोकळी. त्या मोकळ्या वाटेत हॅलिबर्टन शिरायचा, सियाकम शिरायचा, मॅकॉनेल तर कुणाच्याही बगलेतून शिरायचा. पुढच्या वेळी जुना सामना लावाल तेव्हा चेंडू बघू नका, टर्नरला धरून उभा असलेला माणूस कुठे आहे तेवढंच बघा. पेसर्सच्या वेगाचं रहस्य तुम्हाला तिथे सापडेल. आता चेंडू नेणारा नाही आणि वाट मोकळी करणाराही नाही. नेमहार्ड उत्तम आहे, पण हॅलिबर्टनच्या शेजारी खेळणं वेगळं आणि हॅलिबर्टनच्या जागी खेळणं वेगळं. तो वर सरकला की राखीव फळीतला एक माणूस वर येतो, मग तिथे भोक पडतं. कार्लाइल दहा-दहा जणांना आलटून पालटून खेळवत होते, ते दहा आता आठ झाले.

म्हणून म्हणते, गेल्या वर्षी टिकवलेल्या संघाला मार्क मिळाले नाहीत, ही यादीची चूक होती. यंदा मोडलेल्या जोडीचे मार्क कापले गेले, ही चूक नाही. आपण गेल्या वर्षी ज्या गोष्टीसाठी भांडलो, तीच यंदा आपल्याविरुद्ध जाते म्हणून नाकारायची नाही. बोस्टनकडे बघा. २०२४ चे विजेते, २०२४-२५ मध्ये ६१ विजय, पण मे महिन्यात जेसन टेटमचा अकिलीस तुटला, आणि पगाराच्या मर्यादेमुळे हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना सोडावं लागलं. तेही याद्यांत घसरले. बोस्टन काही लहान गाव नाही.

लहान गावाचा मुद्दा मला पटत नाही त्याचं सर्वांत मोठं कारण ओक्लाहोमा सिटी आहे. तेही अमेरिकेच्या मानाने लहान शहर. २०२५ ची फायनल दोन लहान शहरांमध्येच झाली, आणि यंदाच्या याद्यांत थंडर सगळ्यांच्या वर आहेत, कारण ६८ विजय आणि सामन्यामागे सरासरी १२.९ गुणांची आघाडी, जी एनबीएच्या इतिहासात सर्वांत मोठी आहे. एवढं मात्र खरं, की ज्या संघाचे सामने देशभर कमी दाखवले जातात ते लिहिणाऱ्यांनी कमी पाहिलेले असतात, आणि न पाहिलेल्या संघाला मधला नंबर देऊन मोकळं होणं सोपं असतं. त्याला मी आळस म्हणेन, डावलणं म्हणणार नाही.

याद्या बनवतं कोण, हे विचारलंत. एक प्रकार पत्रकारांचा. सप्टेंबरअखेर सराव शिबिरं सुरू होतात, हंगामाला अजून तीन आठवडे असतात, लिहायला सामना नसतो, मग यादी. दुसरा संगणकाचा. प्रत्येक खेळाडूचे मागचे आकडे घालून हंगाम हजारो वेळा खेळवून बघतात आणि सरासरी काढतात. तिसरा तिकडच्या कायदेशीर सट्ट्याचा, त्यात नंबर नसतो, संघ किती सामने जिंकेल तो आकडा असतो. चौथा, तीसही संघांच्या जनरल मॅनेजरांचा वार्षिक कौल, ज्यात स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. या चारही गोष्टी लोक एकाच पिशवीत घालतात आणि मग भांडतात. मला विचाराल तर विजयांचा आकडा सगळ्यांत प्रामाणिक, कारण एप्रिलमध्ये तो चूक की बरोबर हे कुणालाही तपासता येतं. ‘सतरावा नंबर’ हा तपासायचा कशाशी?

आणि नंबराची खरी खोट तिथेच आहे. २०२३-२४ चा पूर्व विभाग घ्या. दुसऱ्या नंबरच्या न्यूयॉर्कचे ५० विजय आणि आठव्या नंबरच्या मायामीचे ४६. पाचवा, सहावा, सातवा, तिघांचेही ४७. त्यात सहावे आपले पेसर्स. हा योगायोग म्हणाल तर पुढच्या वर्षीचा पश्चिम विभाग बघा. दुसऱ्या नंबरचं ह्यूस्टन ५२, आणि सातवे-आठवे गोल्डन स्टेट व मेम्फिस प्रत्येकी ४८. म्हणजे ८२ सामन्यांत फक्त चार विजयांचं अंतर, आणि त्यात सात संघ बसलेले. त्या चार विजयांमुळे एक संघ थेट प्लेऑफला गेला आणि दुसऱ्याला आधी प्ले-इन, म्हणजे प्लेऑफसाठीचे पात्रता सामने, खेळून स्वतःला सिद्ध करावं लागलं. हंगाम संपल्यावर, सगळं माहीत असताना जे संघ इतके चिकटून असतात, त्यांना हंगामाआधी, १,२३० सामने व्हायचे असताना, दुसरा-तिसरा-आठवा अशा पायऱ्यांवर उभं केलं की वाचणाऱ्याला वाटतं मध्ये मोठी दरी आहे. एका चेंडूवर फायनलचा सामना कसा फिरतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

जाबाबद्दल तुमच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. या सगळ्या प्रकारात मला चीड येते ती याचीच. ऑक्टोबरअखेर दर आठवड्याची नवी क्रमवारी सुरू होते आणि जुनी यादी कुणी उघडतही नाही. जूनमध्ये तीच यादी शेजारी ठेवून ‘फिलाडेल्फियाला मी इतकं वर का धरलं होतं, काय बघायचं राहिलं’ असं लिहिणारे फार थोडे. यादी चुकणं हा गुन्हा नाही. पण आमच्या शाळेत पेपर तपासून झाला की मुलांना परत द्यावा लागतो, तेवढी रीत या मंडळींनी पाळायला काय हरकत आहे? ज्यांची यादी कारणं देते आणि वर्षअखेर परत उघडते, त्यांचंच वाचा. बाकीच्यांचं वाचून सकाळी सकाळी रक्त आटवू नका, तुम्हाला पाळीला जायचं असतं.

कंपनीतल्या लेकर्सवाल्या मित्राला सांगण्यासारखं एकच आहे. २०२१-२२ च्या हंगामाआधी रसेल वेस्टब्रूकला आणल्यावर लेकर्सना करंडकाचे मोठे दावेदार धरलं होतं. ते ३३ जिंकले, ४९ हरले, प्लेऑफही नाही. आणि २०१९ पासून २०२५ पर्यंत सात हंगामांत सात वेगवेगळे विजेते झालेत : टोरोंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन, ओक्लाहोमा सिटी. कुणाच्याच नंबरावर कुणी छाती काढावी असे हे दिवस नाहीत.

पेसर्सचा २०२५-२६ चा पहिला सामना आपल्याकडे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, इंडियानापोलिसमध्ये, थंडरशीच आहे. त्यात निकालापेक्षा नेमहार्डकडे लक्ष ठेवा. त्याच्यावर दोघं धावून आल्यावर चेंडू किती लवकर सुटतो आणि सियाकमपर्यंत पोचतो की अडतो. तो लवकर सुटत असेल तर यादीपेक्षा पेसर्स वर राहतील, कितीही सामने हरले तरी बघायला मजा येईल. अडत असेल तर हे वर्ष तरुण मुलांना घडवण्याचं आहे असं धरून चाला.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळतो. अभ्यासाच्या वहीच्या मागे तीस संघांची स्वतःची यादी करतो, खोडतो, पुन्हा करतो, मित्रांशी फोनवर तासन्‌तास वाद घालतो. मी ओरडू की सोडून देऊ?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सोडून द्या, फक्त त्याला वेगळी वही आणून द्या. आणि एक अट घाला, प्रत्येक नंबरापुढे एका ओळीत कारण लिहायचं. ‘भारी आहेत’ हे कारण धरायचं नाही.

त्याला डेट्रॉइट पिस्टन्स सोडवायला द्या. २०२३-२४ मध्ये १४ विजय आणि ६८ पराभव, सलग २८ सामने हरले होते. पुढच्याच वर्षी ४४ विजय. आधीच्या वर्षाच्या तिपटीहून जास्त सामने जिंकणारा एनबीएतला तो पहिला संघ. केड कनिंगहॅम तर आधीही होताच. मग बदललं काय? नवा कोच आला, जे. बी. बिकरस्टाफ. आणि लांबून नेम लागणारे अनुभवी खेळाडू आले, बीझली, हार्डवे, टोबायस हॅरिस. त्यामुळे कनिंगहॅमभोवतीची गर्दी पांगली. मुलाने हे स्वतः शोधून काढलं तर त्याला खेळ कळायला लागला असं समजा.

गणितही करू द्या. प्रत्येक संघाची सामन्यामागे सरासरी आघाडी किंवा पिछाडी काढायची. एका गुणाला साधारण अडीच ते पावणेतीन विजय धरून ते ४१ मध्ये मिळवायचे किंवा वजा करायचे. ढोबळ हिशेब आहे, थंडरसारख्या टोकाच्या संघाला तो लागू पडत नाही, पण मधल्या संघांना बऱ्यापैकी बसतो. नुसत्या जय-पराजयापेक्षा हा गुणफरक पुढचं जास्त नीट सांगतो, कारण दोन गुणांनी जिंकलेला सामना बऱ्याचदा नशिबाचा असतो आणि वीस गुणांनी जिंकलेला क्वचितच.

माझी काळजी वेगळीच आहे, ती तुमच्याशी बोलते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेची भाग्यपत्रिका लागली की माझ्या संघातल्या मुली भिंतीपाशी गर्दी करतात. समोर कुठली शाळा आहे ते वाचतात. नाव मोठं असेल तर त्यांचे खांदे तिथल्या तिथे पडतात, बूट बांधायच्या आधी. वॉर्मअपमध्ये पास हातातून सुटायला लागतात. समोरची शाळा अजून रिक्षातून उतरलेलीही नसते! मी त्यांना कागदापासून उठवते आणि ले-अपच्या रांगेत लावते, दहा मिनिटं बोलू देत नाही. घाम आला की नाव विसरतात. तुमच्या मुलालाही यादी वहीत हवी तेवढी करू दे, पण स्वतःच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ती वही तुमच्याकडे ठेवून घ्या.

प्रश्न : एनबीएचे सराव सामने बघण्यात अर्थ आहे का? त्यात जो संघ जिंकतो तो वर्षभर चांगला खेळतो का?
— एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : निकालावरून काही ठरवू नका. २०१२ मध्ये लेकर्सकडे कोबी ब्रायंट, स्टीव्ह नॅश, ड्वाइट हॉवर्ड आणि पाव गॅसोल होते. सराव सामने आठच्या आठ हरले. लोक म्हणाले, सराव आहे, सोडा. हंगामाचे पहिले पाच सामने झाल्यावर कोचला काढलं, कसेबसे ४५ जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत सॅन अँटोनिओकडून ४-० हरले. यावरून सराव सामने खरं बोलतात असं वाटेल. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये २००८ साली डेट्रॉइट लायन्सनी सरावाचे चारही सामने जिंकले आणि हंगामाचे सोळाच्या सोळा हरले. दोन्हीकडची उदाहरणं सापडतात, म्हणून आकड्यांचा नाद सोडा.

बघायचं असेल तर पहिला आणि तिसरा क्वार्टर बघा. कोच मुख्य पाच जणांना बहुधा त्याच वेळी एकत्र उतरवतो. नवा सेंटर स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून, लगेच वळतो का, परत बचावाला कोण धावतं, कोण चालत येतं, हे दिसतं. चौथा क्वार्टर सोडला तरी चालेल. शिबिरात २१ जणांपर्यंत खेळाडू असतात, हंगामाला त्यातले १५ आणि टू-वे करारावरचे, म्हणजे मुख्य संघ आणि दुय्यम लीग दोन्हीकडे खेळणारे, तीन राहतात. चौथ्या क्वार्टरमध्ये जीव तोडून पळणारी बरीच मुलं नोकरीसाठी पळत असतात, आणि पहिल्या सामन्याच्या दिवशी ती त्या संघात नसतात.